कागदावरचे पाणी, नळातले पाणी आणि वाळवंटातले घर

गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या वस्त्यांमधली बरीच मुले-मुली अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात आली आहेत. चँडलर शहरात इंटेलचे कारखाने जुनेच आहेत. आता उत्तर फिनिक्समध्ये तैवानच्या टीएसएमसीचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला आहे आणि त्याच्या आजूबाजूला नोकऱ्या निघत आहेत. नोकरी लागली, दोन वर्षे भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढली, की आमच्याकडे फोन येतो, "दादा, ताई, घर घ्यायचं म्हणतोय. कुठं बघू?" आम्ही दोघांनी इथे घर शोधण्यात आठ महिने घालवले, वीसेक घरे आतून-बाहेरून पाहिली आणि शेवटी एक जुने, बैठे घर घेतले. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले.

मात्र हा लेख म्हणजे खरेदीचे मार्गदर्शन एवढेच नाही. आपल्या समाजासाठी घर हा नुसता पैशाचा प्रश्न कधीच नव्हता. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात नोकरी होती, पगार होता, पण छप्पर नव्हते. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. खिशात पैसे असूनही घर मिळत नाही, हा अनुभव आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही पुण्या-मुंबईत आडनाव सांगितल्यावर येतो. म्हणून घर घेताना कोणते प्रश्न विचारायचे आणि ते कोणत्या क्रमाने विचारायचे, याचा विचार आपण आपल्या डोक्याने केला पाहिजे. इतर भारतीय विचारतात तो क्रम असा असतो: शाळेचे रेटिंग किती, वास्तू बरोबर आहे का, इंडियन स्टोअर किती लांब आणि शेजारी 'आपली माणसं' आहेत का. आमचा क्रम वेगळा आहे. पहिला प्रश्न पाण्याचा.

फिनिक्समध्ये वर्षाला सरासरी सात-आठ इंच पाऊस पडतो आणि या महानगर प्रदेशात पन्नास लाखांच्या आसपास माणसे राहतात. हे पाणी मुख्यतः तीन ठिकाणांहून येते: सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांवरची धरणे, जमिनीखालचे पाणी आणि ३३६ मैल लांबीच्या कालव्यातून, डोंगर चढवून आणलेले कोलोरॅडो नदीचे पाणी. कोलोरॅडोचे वाटप १९२२ च्या कराराने सात राज्यांत झाले. ज्या वर्षांचा प्रवाह गृहीत धरून हा करार केला गेला ती वर्षे नेमकी जास्त पावसाची होती. म्हणजे नदीत जेवढे पाणी नाही तेवढे कागदावर वाटून टाकले गेले. पुढे १९६८ मध्ये कालव्याला मंजुरी मिळवताना अ‍ॅरिझोनाने टंचाईत कॅलिफोर्नियाला आधी पाणी देण्याची अट मान्य केली. त्यामुळे ऑगस्ट २०२१ मध्ये या नदीवर इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली, तेव्हा सर्वांत मोठी कपात अ‍ॅरिझोनाच्या वाट्याला आली. कोलोरॅडोतला त्याचा सुमारे १८ टक्के वाटा गेला आणि पहिला फटका बसला शेतकऱ्यांना.

या राज्यात १९८० चा भूजल कायदा आहे. त्यानुसार नवीन वसाहत बांधताना पुढची १०० वर्षे पुरेल एवढ्या पाण्याचा पुरावा द्यावा लागतो. हा पुरावा दोन प्रकारे देता येतो. एक तर ते शहरच 'शाश्वत पाणीपुरवठा' असलेले म्हणून राज्याच्या जलसंपदा खात्याने मान्य केलेले असते, उदाहरणार्थ फिनिक्स, मेसा, चँडलर, टेम्पी, स्कॉट्सडेल. नाहीतर बिल्डर त्या एका वसाहतीपुरते प्रमाणपत्र आणतो. कायद्यात एक पळवाटही आहे. जमिनीचे सहापेक्षा कमी तुकडे केले तर ती 'वसाहत' ठरत नाही आणि पुराव्याची गरजच उरत नाही.

या पळवाटेचे काय होते ते रिओ व्हर्डे फूटहिल्सने दाखवले. स्कॉट्सडेलच्या हद्दीबाहेरची ही देखणी वस्ती, लाखो डॉलर किमतीची घरे, दारात घोडे. अनेक घरांना नळाची जोडणी नाही, विहिरी आटलेल्या, पाणी टँकरने यायचे आणि टँकर स्कॉट्सडेल शहराच्या पाण्यावर भरायचे. शहराने बरीच आधी सूचना दिली होती. १ जानेवारी २०२३ ला त्यांनी टँकरला पाणी देणे बंद केले. शेकडो कुटुंबे कागदी ताटात जेवू लागली, पावसाचे पाणी बादल्यांत साठवून संडासाला वापरू लागली. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याने जाहीर केले की फिनिक्स परिसरात पुढच्या शंभर वर्षांच्या मागणीपुरते भूजल नाही, सुमारे चार टक्के तूट आहे, म्हणून केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना प्रमाणपत्र मिळणार नाही. याची झळ बसली ती बकाय, क्वीन क्रीक अशा कडेच्या, वेगाने वाढणाऱ्या आणि तुलनेने स्वस्त शहरांना. त्यानंतर नियम बदलत आहेत, पुढेही बदलतील. कोलोरॅडोच्या वाटपाचे सध्याचे नियमही २०२६ मध्ये संपतात.

म्हणून घर आवडले की आधी तीन गोष्टी तपासा. एक, घर शहराच्या हद्दीत आहे की नुसत्या काउंटीत? नुसत्या काउंटीत असेल तर पाणी नेमके कोण देते, हे लेखी घ्या. दोन, ते शहर शाश्वत पुरवठ्याच्या यादीत आहे का? नसेल तर त्या वसाहतीचे प्रमाणपत्र कशाच्या जोरावर मिळाले आहे, भूजलाच्या की नदीच्या? तीन, उपशामुळे जमीन खचून पडलेल्या भेगा जवळपास आहेत का? राज्याच्या भूविज्ञान संस्थेने या भेगांचे नकाशे काढून ठेवले आहेत, ते कोणालाही पाहता येतात. विकणाऱ्याला घराची माहिती एका तक्त्यात लिहून द्यावी लागते आणि करारानंतर साधारणपणे दहा दिवसांची तपासणीची मुदत असते. ते दहा दिवस पडदे निवडण्यात घालवू नका.

इथल्या पाण्याच्या वकिलांच्या बोलण्यात दोन शब्द नेहमी येतात: 'कागदी पाणी' आणि 'ओले पाणी'. कागदी पाणी म्हणजे हक्क, ओले पाणी म्हणजे नळाला प्रत्यक्ष येते ते. हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हा दोघांच्याही मनात एकच नाव आले, महाड. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात बोले ठराव मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर पाणी मिळाले होते. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत एकाही अस्पृश्याच्या ओठाला ते लागले नव्हते. बाबासाहेब हजारोंसह चालत गेले तेव्हा कागदी पाणी ओले झाले, आणि त्याची किंमत त्या दिवशी परतणाऱ्या आपल्या माणसांनी डोकी फोडून घेऊन मोजली. पुढे खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. हक्क आणि पाणी यांच्यामध्ये किती अंतर असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता हेच अंतर ज्या जमिनीवर आम्ही घर घेतले तिथे पाहू. फिनिक्स हे शहर नव्या कल्पनेतून उभे राहिलेले नाही. इथल्या मूळ रहिवाशांनी, आजच्या ओ'ओधाम लोकांच्या पूर्वजांनी, शेकडो वर्षांपूर्वी इथे शेकडो मैलांचे कालवे हातांनी खोदले होते. १८६० च्या दशकात आलेल्या गोऱ्या वसाहतकारांनी त्याच जुन्या कालव्यांच्या खुणांवर आपले कालवे काढले. हिला नदीकाठचे अकिमेल ओ'ओधाम लोक, ज्यांना बाहेरचे पिमा म्हणत, ते गहू पिकवून वाटसरूंना आणि अमेरिकन सैन्यालाही पुरवत असत. मग वरच्या बाजूला वसाहतकारांनी नदी वळवली. नदी आटली, शेती बुडाली, दशकानुदशके उपासमार झाली. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की आदिवासींसाठी राखीव ठेवलेल्या जमिनीबरोबर पाण्याचा हक्कही राखीव असतो. झाले, कागदी पाणी मिळाले. हिला रिव्हर समुदायाला ओले पाणी देणारा कायदा झाला २००४ मध्ये, त्यानुसार त्यांना दरवर्षी ६,५३,५०० एकर-फूट पाणी मिळते. मध्ये ९६ वर्षे गेली. १९२२ च्या करारात सात राज्ये बसली होती. ज्यांची नदी होती त्यांना खुर्ची नव्हती.

आणखी एक तुलना करून बघा. रिओ व्हर्डेच्या श्रीमंत घरांचे टँकर थांबले तेव्हा जगभर बातम्या झाल्या आणि त्याच वर्षी विधिमंडळाने त्यांच्या पाण्यासाठी खास कायदा केला. त्याच २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की नवाहो राष्ट्रासाठी पाणी मिळवून देण्याची पावले उचलण्याचे बंधन अमेरिकी सरकारवर नाही. नवाहोंच्या असंख्य घरांत आजही नळ नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते पिंप भरून गाडीने पाणी आणत आहेत. एकाच राज्यात, एकाच वर्षी, तहान दोन ठिकाणी होती. कुणाची तहान आणीबाणी ठरते आणि कुणाची तहान परंपरा, हा फरक आपण ओळखला नाही तर कोण ओळखणार?

मग प्रश्न येतो की असे असताना इथे घर घ्यावेच का? हा प्रश्न आम्ही टाळला नाही. आमचे उत्तर असे आहे: नोकरीसाठी आलेला माणूस भाड्याने राहिला तरी तेच पाणी पितो. फरक पडतो तो आपण ते किती वापरतो आणि कुणाच्या बाजूने उभे राहतो याने. अंगणात हिरवळ न लावणे, पोहण्याचा हौद असलेले घर न घेणे हे आम्ही ठरवून केले. वाळवंटात घराचे बरेचसे पाणी अंगणातच जाते. शिवाय एक गोष्ट समजून घ्या: मेसा आणि चँडलर ही शहरे आपले शुद्ध केलेले सांडपाणी हिला रिव्हर समुदायाला शेतीसाठी देतात आणि बदल्यात त्यांच्या वाट्याचे कोलोरॅडोचे पाणी घेतात. म्हणजे आम्ही ज्याला आपल्या नळाचे पाणी म्हणतो त्यातले काही त्यांच्या हक्काचे आहे. ते फुकटचे नाही आणि आपोआप आलेलेही नाही, एवढी जाणीव तरी घर घेणाऱ्याला असली पाहिजे.

दुसरा प्रश्न उन्हाचा. आम्ही दोघेही चंद्रपूरचे, त्यामुळे ऊन म्हणजे काय हे आम्हाला माहीत आहे असे वाटत होते. पण २०२३ मध्ये फिनिक्सने सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या वर काढले आणि त्या काळात सलग १६ रात्री पारा ३२ अंशांच्या खाली उतरलाच नाही. चंद्रपुरात निदान पहाटे गच्चीवर झुळूक लागते. इथे डांबर आणि काँक्रीट रात्रभर उष्णता ओकत राहतात. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ माणसे मेली. त्यांत बेघर मोठ्या संख्येने होते. घरात मेलेल्यांविषयी काउंटीचे अहवाल वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगतात: बहुतेकांकडे एसी होता, पण तो चालत नव्हता. बिघडलेला, किंवा बिल न परवडल्याने बंद. २०१८ मध्ये ७२ वर्षांच्या एका महिलेची वीज अवघ्या ५१ डॉलरच्या थकबाकीसाठी तोडली गेली आणि त्या उकाड्यात तिचा जीव गेला. त्या प्रकरणानंतर ओरड झाली आणि राज्याच्या नियंत्रणाखालील वीज कंपन्यांना १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात थकबाकीसाठी वीज तोडायला बंदी आली. नियम येतो, पण आधी कुणीतरी मरावे लागते. हेही आपल्याला नवे नाही.

तेव्हा घर पाहताना किचनचा ग्रॅनाइट नंतर पाहा, आधी छपरावर किंवा मागे बसवलेल्या एसीच्या यंत्रावरची तारीख वाचा. इथल्या उन्हात ते साधारण दहा-पंधरा वर्षे टिकते आणि बदलायचे म्हटले तर हजारो डॉलर लागतात. माळ्यावर इन्सुलेशनचा थर किती जाड आहे ते तपासनिसाला मोजायला सांगा. मागच्या बारा महिन्यांची विजेची बिले मागा, विशेषतः जुलै-ऑगस्टची. काही जुन्या घरांत आपल्या विदर्भातल्यासारखे पाण्याचे कूलर असतात. मे-जूनच्या कोरड्या हवेत ते छान चालतात आणि जुलैत इथला पावसाळी दमटपणा आला की, आपल्याकडच्याप्रमाणेच, नुसती चिकचिक करतात. त्यांच्या भरवशावर घर घेऊ नका. पश्चिमेला झाड आहे का ते पाहा. भर उन्हात, दुपारी चार वाजता घर पाहायला जा. सकाळी नऊला प्रत्येक घर थंडच वाटते.

इथेच वास्तुशास्त्राचा विषय येतो आणि तो आम्ही मुद्दाम काढतो आहोत, कारण हा रोग आता आपल्याही घरांत शिरला आहे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि फोनवर प्रश्न, "ताई, दरवाजा पूर्वेला आहे ना?" १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या आजी-आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशासाठी? पण श्रद्धेचा वाद क्षणभर बाजूला ठेवू आणि नुसता सूर्य पाहू. इथल्या ठरावीक साच्याच्या घरांना पुढे गॅरेज आणि लहान खिडक्या असतात. मोठी काचेची दारे, बैठकीची खोली आणि ओटा मागच्या बाजूला असतो. म्हणजे दर्शनी बाजू पूर्वेला असेल तर घराची सगळी काच पश्चिमेला येते. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ४५ अंशांचे ऊन त्या काचेतून आत ओतत राहते आणि नेमक्या त्याच वेळी अनेक योजनांत विजेचा दर सर्वांत महाग असतो. वास्तूनुसार 'शुभ' असलेले घर या वाळवंटात सर्वांत जास्त बिल देणारे घर असू शकते. उत्तर-दक्षिण तोंडाचे घर, ज्याच्या पूर्व-पश्चिम भिंतींना खिडक्या कमी आहेत, ते इथे शहाणपणाचे. दक्षिणमुखी घराला आपले भारतीय नाक मुरडतात. आम्ही घेतले ते दक्षिणमुखीच आहे. मागची काच उत्तरेला आहे आणि उन्हाळ्यात घर सुसह्य राहते. दिशा पाहाव्यात जरूर, पण होकायंत्र आणि थर्मामीटर घेऊन. पोथी घेऊन नव्हे.

तिसरा प्रश्न माणसांचा. आमच्या शोधात एक भारतीय एजंट आम्हाला एका नव्या वसाहतीत घेऊन गेला आणि कौतुकाने म्हणाला, "इकडे घ्या, सगळी आपलीच माणसं आहेत. चांगल्या घरची, शुद्ध शाकाहारी." दुसऱ्या वाक्याने पहिल्या वाक्यातल्या 'आपली' या शब्दाचा अर्थ सांगून टाकला. मग विचारले, "तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?" आम्ही पूर्ण नाव सांगितले. त्यानंतर त्याच्या फोनवरचा उत्साह ओसरला. आम्ही दुसरी एजंट शोधली, मेक्सिकन आई-वडिलांची मुलगी, दक्षिण फिनिक्समध्ये वाढलेली. पाणी, ऊन आणि शहराचा इतिहास यांबद्दल तिच्याकडून जेवढे कळले तेवढे कुठल्याही जाहिरातीतून कळले नसते.

तो इतिहास असा. इथल्या अनेक जुन्या वसाहतींच्या खरेदीखतांत हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये अशी अट लिहिलेली असे. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसांना रेल्वे रुळांच्या दक्षिणेला, कारखाने आणि गोदामांच्या शेजारी ढकलले गेले. बँका त्या भागाला कर्ज देत नसत. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा अटी न्यायालये अंमलात आणणार नाहीत, आणि १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घरांच्या बाबतीत भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा झाला. पण सावली अजून त्याच हिशेबाने वाटलेली आहे. श्रीमंत वस्त्यांत झाडे, गरीब वस्त्यांत डांबर. म्हणून एकाच शहरात, एकाच दुपारी, दोन वस्त्यांच्या तापमानात लक्षणीय फरक असतो. आपल्याकडे गावकुसाबाहेरचा महारवाडा कुठल्या दिशेला आणि पाणवठ्याच्या कुठल्या बाजूला असायचा हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा नकाशा लगेच वाचता येतो.

१९६८ च्या कायद्यामुळे एजंटने वंश, धर्म किंवा राष्ट्रीयत्व पाहून ग्राहकाला एका वस्तीकडे वळवणे बेकायदा आहे. त्यात 'जात' हा शब्द मात्र नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातीभेदावर बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते परत पाठवले. म्हणजे इथे जात अस्तित्वात आहे, कायद्याच्या पुस्तकात मात्र ती जवळपास अदृश्य आहे. आपल्या मुलामुलींनी घर घेताना 'भारतीय शेजार' हा गुण म्हणून गृहीत धरू नये. शेजार कुणाशी जुळतो हे राहून कळते.

चौथा प्रश्न नियमांचा. इथे नव्या वसाहतींत घरमालकांची संघटना असते. दरमहा वर्गणी, आणि त्याबरोबर नियमांचे जाड बाड: भिंतीचा रंग, अंगणातली झाडे, गाडी कुठे लावायची. वर्गणी फार थकली तर ही संघटना घरावर जप्तीपर्यंत जाऊ शकते. ते बाड सही करण्याआधी पूर्ण वाचा. आपल्या दृष्टीने एक बारीक गोष्ट: कुठले ध्वज लावण्यापासून संघटना अडवू शकत नाही, त्याची यादी राज्याच्या कायद्यात आहे. अमेरिकेचा, राज्याचा, सैन्यदलांचा, इथल्या आदिवासी राष्ट्रांचा वगैरे. निळा ध्वज त्यात नाही. १४ एप्रिलला दारात तो लावायचा असेल तर त्या संघटनेचा नियम काय म्हणतो ते आधीच पाहा. आम्ही अशी संघटना नसलेले घर मुद्दाम शोधले. जुन्या वस्त्यांत अशी घरे मिळतात.

पाचवा प्रश्न आपल्या पायाखालचा. एच-वन व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर त्याच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात. कर्ज मात्र तीस वर्षांचे असते. त्यामुळे हप्ता एकाच्या पगारात बसतो का, सहा महिन्यांची शिल्लक बाजूला आहे का आणि हे घर त्या भागात भाड्याने जाईल का, या तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा. छपरावर सोलर पॅनेल असतील तर ते मालकीचे आहेत की भाड्याचे ते विचारा. भाड्याचा करार घराबरोबर तुमच्या गळ्यात पडतो. आपल्यामागे बापजाद्यांची जमीन किंवा सासरचा बंगला नसतो. गावाकडे आई-बाबांचे औषध, धाकट्या भावंडांची फी हे सगळे याच पगारातून जात असते. ज्याच्यामागे आधार आहे त्याने केलेले धाडस आणि आपण केलेले धाडस यांची किंमत सारखी नसते.

काही मित्र विचारतात, समाजाचे एवढे प्रश्न असताना परदेशात घरासाठी एवढा खटाटोप कशाला? हा पैसा चळवळीला द्यावा. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिक देऊ. बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडून शहराकडे चला असे सांगितले आणि स्वतः दादरला 'राजगृह' बांधले ते पुस्तकांसाठी. ते घर त्यांच्या एकट्याचे कधीच राहिले नाही. घर ही चळवळीविरुद्धची गोष्ट नाही. घराचे दार कुणासाठी उघडते यावर ते ठरते. आमच्या घराची एक खोली नवीन येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पहिल्या महिन्यात भाड्याचे घर मिळेपर्यंत त्यांना कुणाला आडनावाचा खुलासा करावा लागू नये, एवढाच हेतू. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथेच आम्ही वाचन घेतो आणि पुढच्या वर्षी शेजारच्या हिला रिव्हर समुदायातल्या एखाद्या कार्यकर्त्याला पाण्याच्या लढ्यावर बोलायला बोलवायचे ठरवले आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी नाते जोडले होते. आज आपण प्रत्यक्ष इथे राहतो, तेव्हा हे नाते जोडायला टपालाचीही गरज नाही.

आणि शेवटी हेही लक्षात ठेवावे की १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याची योजना आणि देशाचे जलधोरण यांवर काम केले. नदी ही कुठल्या एका राज्याची किंवा वर्गाची मालमत्ता नसून पूर, टंचाई, वीज आणि शेती यांचा एकत्र विचार करून तिचे नियोजन झाले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. कोलोरॅडोच्या काठावरची सात राज्ये आज ज्या प्रश्नावर भांडत आहेत तो हाच प्रश्न आहे. तळ्यावर हक्क सांगणारा माणूस धरणांचा विचार करणाराही होता. आपण त्याचे अनुयायी म्हणवतो, तर घराच्या चाव्या घेण्याआधी नळाचे पाणी कुठून येते एवढे तरी विचारूया.

जय भीम.